हरलेल्या मॅचची फिल्म

"हायलाइट्स बघितले. चांगले आहेत. आता एक काम कर, या सीझनमध्ये तुमची टीम हरलीय अशी एखादी मॅच पाठव. अख्खी. मधलं काही कापू नकोस."

2023 चा फेब्रुवारी. पश्चिम कॅन्ससमधल्या एका ज्युनिअर कॉलेजचा बास्केटबॉलचा असिस्टंट कोच बोलत होता. फोन स्पीकरवर होता, कारण माझ्या मुलाचे दोन्ही हात पिठाने भरलेले होते. रविवारी पोळ्या लाटायचं काम त्याचं. तसेच पिठाचे हात वर धरून त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला टीममध्ये घ्यावं म्हणून दीड वर्षात आम्ही कितीतरी कॉलेजांना व्हिडिओ पाठवले होते. हरलेली मॅच आजवर कुणीच मागितली नव्हती.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मी मूळची नागपूरची. शाळेत, कॉलेजात आणि पुढे विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळले, तेही सिमेंटच्या कोर्टवर. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला सुरुवात करायची, कारण आठनंतर जमिनीवर तळवे टेकवत नसत. पडलो की गुडघा सोलून निघायचा. ते व्रण अजून आहेत, आणि लहानपणी माझा मुलगा त्यांच्यावर बोट ठेवून एकेकाची गोष्ट विचारायचा. त्याला खेळाची ओढ लागली ती तिथून, असं मी मानते. त्याचे बाबा म्हणतात, घराजवळच्या बागेत हूप होता म्हणून. तेही खरं असेल.

तो सहा फूट एक इंच आहे. आमच्या घराण्यात एवढं उंच कुणी नाही, लग्नकार्यात सगळे मान वर करून त्याच्याशी बोलतात. पण अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ही उंची गार्डच्या, म्हणजे सहसा टीममधल्या सगळ्यांत बुटक्या खेळाडूच्या, जागेलाही जेमतेमच पुरते. शॉट बरा, उडी ठीक. मात्र चेंडू हातात नसताना तो जे करतो, ते मी त्याच्या वयाच्या फार थोड्या मुलांना करताना पाहिलंय. समोरचा खेळाडू वेगाने बास्केटकडे घुसतो तेव्हा हा आधीच जागा धरून उभा असतो, धडक छातीवर घेतो आणि पाठीवर आपटतो. याला चार्ज घेणं म्हणतात. फाउल समोरच्याचा आणि चेंडू आपला. दुसऱ्या दिवशी पॉइंट्सच्या रकान्यात मात्र त्याच्या नावापुढे काहीच नसतं. हायलाइटच्या टेपमध्येही नसतं, कारण पाठीवर पडलेला मुलगा बघायला कुणाला आवडतं?

टेप त्याने स्वतः तयार केली होती. तीन मिनिटं वीस सेकंद, सगळे तीन-पॉइंटर आणि फास्ट ब्रेक, खाली गाणं. मी म्हटलं होतं, दोन तरी चार्ज घाल. तो म्हणाला, "आई, कोच लोक पहिली वीस सेकंदं बघतात, पुढचं बघतही नाहीत." त्याचंही खरं होतं.

कॉलेजच्या टीमसाठी रिक्रूट होणं म्हणजे काय, हे मला इथे पंचवीस वर्षं राहूनही ठाऊक नव्हतं. दहावीच्या वर्षी घरी पहिलं जाड पाकीट आलं. कॉलेजचं चिन्ह, माझ्या मुलाचं नाव, "तुझ्या खेळाने आम्ही प्रभावित झालो आहोत." मी ते देवापुढे ठेवलं. नागपूरला आईला फोन केला. दोन आठवड्यांनी कळलं की ते त्यांच्या उन्हाळी कॅम्पचं आमंत्रण होतं, फी भरून यायचं, आणि टीममधल्या जवळपास सगळ्यांच्या घरी तेच पाकीट गेलं होतं. त्याने ते हळूच देवघरातून काढून स्वतःच्या खणात ठेवलं. मला दिसलं, पण मी काही बोलले नाही.

त्यानंतर आम्ही शिकत गेलो. कॉलेजच्या साइटवर भरायचा फॉर्म म्हणजे रस नव्हे. कोचने ट्विटरवर फॉलो केलं म्हणजेही रस नव्हे. "तू आमच्या बोर्डवर आहेस" म्हणजे आमच्याकडे तुझ्याआधी आठ जण आहेत. फोनवर आपणहून बोललेला कोच म्हणजे थोडा रस. आणि ऑफर म्हणजे फक्त ऑफर, शिष्यवृत्तीच्या आकड्यासकट. डिव्हिजन एकच्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या पातळीच्या, विद्यापीठात पहिल्या वर्षी खेळायचं तर हायस्कूलमधले 16 ठरावीक विषय आणि त्यांत किमान 2.3 चा जीपीए लागतो. हे ज्याच्याजवळ आहे तो 'क्वालिफायर'. माझ्या मुलाचे मार्क त्याच्या बरेच वर होते, आणि मला वाटत होतं की अर्धं काम तिथेच झालं.

पण त्या वर्षांत बारावी होणाऱ्या मुलांचं नशीबच वेगळं होतं. कोविडमुळे 2020-21 चा सीझन खेळाडूंच्या चार वर्षांत धरला गेला नाही, म्हणून थोरले खेळाडू एक वर्ष जास्त थांबले. 2018 पासून सुरू झालेलं ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, होतंच, आणि 2021 मध्ये तर एक वर्ष खेळाबाहेर न बसता एकदा कॉलेज बदलायची मुभा मिळाली. कोचच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं: तीन वर्षं कॉलेजात खेळून तयार झालेला बावीस वर्षांचा गडी मिळत असताना सतराचं पोर कशाला घ्यायचं? दार बंद झालं नव्हतं, पण दारात फार मोठी माणसं उभी होती. डिव्हिजन तीनच्या दोन कॉलेजांनी मनापासून विचारलं. माणसं फार चांगली. पण त्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, आणि फीचा आकडा पाहून आम्ही दोघं रात्री बराच वेळ टेबलाशी बसून राहिलो.

अशात तो कॅन्ससचा फोन आला होता.

आईला सांगितलं, ज्युनिअर कॉलेजमधून विचारलंय. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "अगं, पण बारावी झाली ना त्याची?" आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. आईच्या मनात नातू अचानक दोन इयत्ता मागे गेला होता. मी तिला समजावलं की इथे बारावीनंतरची दोन वर्षं तिथे करायची आणि तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात जायचं. 'जूको' म्हणतात बोलीत. सरकारी दोन वर्षांची कॉलेजं, फी कमी, प्रवेश सगळ्यांना.

त्यांच्या खेळाची गोष्ट मला नंतर कळली आणि ती मला फार आवडते. 1937 साली कॅलिफोर्नियातल्या काही ज्युनिअर कॉलेजांनी एनसीएएकडे, म्हणजे कॉलेजांच्या खेळाच्या मोठ्या संघटनेकडे, विनंती केली की धावण्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत आमच्या मुलांना घ्या. एनसीएए नाही म्हणाली. पुढच्याच वर्षी फ्रेस्नो गावात या कॉलेजांनी स्वतःची संघटना काढली, एनजेसीएए. ज्यांना घेतलं नाही त्यांनी उभा केलेला हा खेळ आहे, आणि आजही तिथे पोचणाऱ्या बहुतेक मुलांच्या मागे कुठला ना कुठला नकार असतो. मार्क कमी पडले, उंची कमी पडली, घर मोडलं, कुणी पाहिलंच नाही.

आम्ही टेक्ससमध्ये राहतो, म्हणून नावं जवळची आहेत. डॅलसचा स्पड वेब, उंची जेमतेम पाच फूट सात इंच. त्याने 1982 मध्ये मिडलँड कॉलेजला ज्युनिअर कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकून दिलं आणि चार वर्षांनी आपल्याच गावात एनबीएची डंक स्पर्धा, म्हणजे उंच उडी घेऊन चेंडू बास्केटमध्ये आपटायची, जिंकली. डेनिस रॉडमन डॅलसच्या विमानतळावर साफसफाईचं काम करायचा, तिथून गेन्सविलच्या ज्युनिअर कॉलेजात एकच सेमिस्टर टिकला. जिमी बटलरला हायस्कूल संपताना मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही. तो टायलर ज्युनिअर कॉलेजात एक वर्ष खेळला, मग मार्क्वेट विद्यापीठ, आणि 2011 मध्ये एनबीएच्या टीम्स नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये 30 वा. माझा मुलगा बटलर होणार नाही, हे मला कळतं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की ही वाट कुठेतरी जाते.

आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये मात्र 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. त्या वर्षी गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात कुणाचा मुलगा ऑस्टिनला, कुणाची मुलगी पर्ड्यूला. मला विचारलं तेव्हा "अजून ठरतंय" म्हणून मी पुरीभाजीच्या रांगेत पुढे सरकले. तो माझ्या मागेच उभा होता. गाडीत त्याने विचारलं, "आई, तुला सांगायला लाज वाटली का?" मी नाही म्हटलं. ते खरं नव्हतं, आणि त्याला ते कळलं. त्या एका उत्तराचं मला आजही वाईट वाटतं.

हरलेली मॅच आम्ही फोन आला त्याच रात्री निवडली. जानेवारीतली, 19 पॉइंट्सने गेलेली. तो म्हणाला, "हीच पाठवू, हिच्यात काही लपवता येणार नाही." त्याचे फक्त सहा पॉइंट्स, तीन वेळा चेंडू हातून गेलेला. मी त्या मॅचला हजर होते आणि घरी येताना एक शब्द बोलले नव्हते.

दोन दिवसांनी कोचचा फोन आला. तिसरा क्वार्टर, घड्याळात साधारण चार मिनिटं उरलेली. हा शेजारच्या खेळाडूला बोट दाखवून सांगतोय, डावीकडे जा, डावीकडे जा. तो मुलगा जात नाही. मग हा स्वतःचा माणूस सोडून धावतो, धडक घेतो, पडतो. उठताना ज्याने ऐकलं नव्हतं त्याच्याच हाताला धरून उठतो आणि त्याच्या पाठीवर थाप मारतो. कोच म्हणाला, "तेव्हा तुम्ही 17 ने मागे होता. मी ते पाच वेळा बघितलं." मग म्हणाला, चौथ्या क्वार्टरमध्ये तुला बसवलं तेव्हा तू बेंचच्या टोकाला गेला नाहीस, कोचच्या शेजारी बसलास. आणि त्याच दमात: तुझा डावा हात कच्चा आहे, आणि दमलास की शॉट छोटा पडतो, कारण पाय वापरायचं विसरतोस.

मी ओट्याशी पाठमोरी उभी होते. वळता येईना.

याचं कारण जुनं आहे. एका निवड चाचणीत मी तीन दिवस जीव तोडून खेळले होते. चौथ्या दिवशी फलकावर यादी लागली, बारा नावं. ती मी वरून खाली आणि मग खालून वर वाचली. निवड करणाऱ्या एका सरांना विचारायला गेले तर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." काय कमी पडलं, एवढंच मला हवं होतं. उंची, वेग, डावा हात, काहीही. ते उत्तर मिळालं असतं तर मी त्यावर वर्षभर राबले असते. पुढच्या वर्षी मी चाचणीला गेलेच नाही. एवढ्या वर्षांनी, दुसऱ्या देशात, एका अनोळखी तरुण माणसाने माझ्या मुलाला त्याचं काय चांगलं आणि काय कच्चं ते मिनिट-सेकंदासकट सांगितलं. त्याने ऑफर दिली नसती तरी मी त्याची ऋणी राहिले असते.

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही तिघं बघायला गेलो. आय-35 धरून उत्तरेकडे. गेन्सविल लागलं तेव्हा मुलाने खिडकीतून बोट दाखवलं, "रॉडमन." मग रेड रिव्हर, अख्खं ओक्लाहोमा, विचिटा, आणि तिथून पश्चिमेला वळलं की जमीन सपाट होत होत इतकी सपाट होते की पुढच्या गावाचं धान्याचं कोठार अर्धा तास आधी दिसायला लागतं. वारा असा की गाडीचं दार दोन हातांनी धरावं लागलं.

जिम लहान आणि जुनं, पण लाकडी फरशी आरशासारखी. असिस्टंट कोच आम्हाला घ्यायला बाहेर आला तेव्हा त्याच्या काखेत धुतलेल्या जर्सींची टोपली होती. टीमचे कपडे तोच धुतो, गाडी तोच चालवतो. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. कोर्टच्या कडेने जाताना माझा मुलगा नकळत चपला काढायला वाकला. ही माझी सवय. मी नागपूरला कोर्टवर पाय ठेवण्याआधी वाकून नमस्कार करायची. मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. कोच थांबला, काही बोलला नाही, आणि त्याने स्वतःचेही बूट काढून कडेला ठेवले.

मुख्य कोच पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी सरळ सांगितलं, "हे पत्र एका वर्षाचं असतं. पुढच्या वर्षीसाठी मी याच्याहून चांगला गार्ड शोधत असणार, ते माझं काम आहे. याने मला शोधायची गरज ठेवू नये, हे याचं काम." माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरला. मला ते ऐकून बरं वाटलं. मग नवऱ्याने त्याचा प्रश्न विचारला, जो तो आठ तास मनात घोळवत आला होता: इथे कॅल्क्युलस तीन शिकवतात का? कोचनी लगेच अभ्यासक्रमाच्या सल्लागार बाईंना बोलावलं. त्यांनी कागद काढून दाखवला: कोणते विषय घेतले तर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कुठे कुठे जसेच्या तसे धरले जातात. कॅल्क्युलस तीन होतं, वर्गात अकरा मुलं. त्यानंतर नवऱ्याने पहिल्यांदा पाणी मागितलं.

ते 'पत्र' म्हणजे लेटर ऑफ इंटेंट, खेळाडू आणि कॉलेजमधला शिष्यवृत्तीचा करार. एनजेसीएएमध्येही तीन डिव्हिजन आहेत. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी पैसे नाहीत, दुसऱ्यात फी आणि पुस्तकांपर्यंत देता येतात, पहिल्यात राहणं-जेवणही. आमचं पहिल्या डिव्हिजनचं होतं. मी नियम पूर्ण वाचून काढले. वर्षाला 250 डॉलरपर्यंतचं अभ्यासाचं सामान, आणि वर्षातून एकदा घर ते कॉलेज आणि परतीचा प्रवासखर्च, 'थेट मार्गाने'. या दोन शब्दांपाशी मी अडखळले. माझ्या मुलाच्या वाट्याला एकही थेट मार्ग आला नव्हता, आणि इथे तो छापील नियमात लिहिलेला होता.

परतताना आम्ही आडवाट करून हचिन्सनला थांबलो. मिठाच्या खाणींचं गाव. 1949 पासून पुरुषांची ज्युनिअर कॉलेज राष्ट्रीय स्पर्धा इथे भरते, दर मार्चमध्ये. स्पर्धा नुकतीच संपली होती आणि स्पोर्ट्स अरीना बंद होता. काचेला नाक लावून त्याने आत पाहिलं. काय दिसलं विचारलं तर म्हणाला, "अंधार. पण मोठं आहे."

सही त्याने जेवणाच्या टेबलावर केली. अठरा पूर्ण व्हायला दोन महिने होते, म्हणून पालकाचीही हवी होती. नवऱ्याने पेन माझ्याकडे सरकवलं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, विद्यापीठाच्या जर्सीवर होतं तसं. मग मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला आणि कॉलेजचं नाव लिहिलं, पुढे 'ज्युनिअर कॉलेज' हे दोन शब्दही लिहिले. त्याने तो मेसेज वाचला आणि फोन परत देताना माझ्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकवलं. सहा फूट एक इंचाच्या मुलाला त्यासाठी बरंच वाकावं लागतं.

ऑगस्टमध्ये त्याला सोडून आलो. कुकर, गोडा मसाला, आईने पाठवलेलं लोणचं. खोलीतला जोडीदार सेनेगलचा, पावणेसात फुटांचा. त्याची आई हजारो मैल लांब होती, म्हणून मी दोन्ही पलंगांवर चादरी घातल्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिली मॅच. आम्ही लॅपटॉपवर बघत होतो, चित्र सारखं अडकत होतं. पहिला हाफ तो बेंचवर, कोचच्या शेजारी. दुसऱ्या हाफमध्ये सहा मिनिटं मिळाली. एक शॉट चुकला, एक पास चांगला गेला. पॉइंट्स शून्य. एकदा चित्र अडकलं आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा तो पाठीवर पडलेला होता आणि अख्खा बेंच उभा होता.

रात्री अकराला फोन आला. आवाज दमलेला.

"बघितलीस?"

"बघितली. लागलं का रे?"

"नाही गं. हरलो आम्ही. ठेवतो आता, सकाळी सहाला मॅचची फिल्म आहे."